कॉलरवरचं नाव

"अंगात काय होतं त्यांच्या?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"फिकट निळा शर्ट, अर्ध्या बाह्यांचा. खाली पायजमा. डाव्या खिशाला शाईचा डाग. आणि कॉलरच्या आत काळ्या अक्षरांत नाव, गो. रा. गिरप."

"नाव? शर्टार?" त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं.

"हो, मीच लिहिलंय. आता निघा ना हो, की इथंच पंचनामा करणार?"

बिचारा मुकाट्यानं निघाला. तेव्हा माझी जीभ अशीच होती. चार वर्षं मी सगळ्यांवर खेकसत होते. रिक्षावाल्यांवर, भाजीवाल्यांवर, ऑफिसातल्या शिपायावर. आणि घरी बाबांवर.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. डिसेंबरातला शनिवार होता, सकाळचे आठ वाजून गेले होते, आणि वेंगुर्ल्याच्या एका लॉजमधून माझे वडील नाहीसे झाले होते. वय एक्काहत्तर. टपाल खात्यात छत्तीस वर्षं सॉर्टर, म्हणजे आलेली पत्रं गावांप्रमाणं खणांत लावायची, हे काम. अख्ख्या महाराष्ट्रातलं कुठलं खेडं कुठल्या टपाल कचेरीखाली येतं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील असा माणूस. निवृत्तीनंतर मात्र एकेक खण रिकामा होत गेला. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग आई वारली हे गेलं, मग दिवस कुठला ते. माझं नाव कधी असायचं, कधी नसायचं.

मी आंघोळीला गेले ती दहा मिनिटं, फार तर बारा. बाहेर आले तर दार सताड उघडं, चपला गायब. लॉजच्या मालकानं चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, "येतील हो ताई, गाव शांत आहे, इथं कोण हरवत नाही." मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंच मग नाक्यावरच्या इनासला हाक मारली.

इनास फर्नांडिस, पन्नाशीचा, खाकी शर्ट, आरशाला जपमाळ टांगलेली. "ताई, तुम्ही भियाव नकात," तो म्हणाला. "म्हातारो माणूस, चलान चलान जातलो खंय? गावतलो." म्हणजे सापडेल.

आधी बंदरावर गेलो. तिथं दोन होड्या, एक झोपलेलं कुत्रं आणि जाळं शिवत बसलेला एक माणूस. त्यानं मान हलवली. मग सागरेश्वरच्या किनाऱ्याला. सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसला आणि इनासनं रिक्षा रस्त्याच्या कडेलाच उभी केली. खाली वाळूत रापण चालली होती. रापण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धवर्तुळ जाळं सोडायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणायचे. पंधरा-वीस माणसं एका दोराला लागली होती, तोंडं समुद्राकडं, पाठी आमच्याकडं. टाचा रोवून मागं मागं येत होती.

इनासनं तोंडाला हात लावून आरोळी दिली, "हय कोण म्हातारो पाव्हणो इललो काय रे? चुकललो?"

त्यातल्या एकानं मागं न बघताच उत्तर दिलं, "नाय रे! पाव्हणो कोण नाय इलो!"

मी रिक्षातून उतरलेही नाही. निळा शर्ट कुठं दिसतोय का तेवढं पाहिलं, सगळे उघडेच होते, आणि म्हटलं, "चला पुढं."

एसटी स्टँडवर एका कंडक्टरनं सांगितलं की एक म्हातारा शिरोड्याच्या गाडीत बसताना दिसला, निळसर काहीतरी होतं अंगात. "शिरोड्याला चला," मी इनासला म्हटलं. कारण बाबा गाडीत बसतात. एकदा डोंबिवलीहून कसाऱ्याला पोचले होते, एकदा थेट बदलापूरला. कुठं निघालात विचारलं की म्हणायचे, "ड्यूटीला."

शिरोड्याच्या वाटेवर मोचेमाड लागतं. खाडी एका बाजूला, टेकडी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये तो किनारा. इतका सुंदर की मला राग आला. माणूस म्हणून दिसेना. वाळूवर खेकड्यांच्या रांगोळ्या आणि त्यावर एकही पाऊल नाही. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेले, "बाबा, बाबा" ओरडत. लाटांच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. साडीचा घोळ ओला होऊन पायांत यायला लागला. परत आले तर इनास सवयीनं सांगायला लागला, "हय सूर्यास्त बरो दिसता ताई, मुंबयचे लोक..." आणि माझं तोंड बघून त्यानं जीभ चावली.

शिरोड्यापर्यंत गेलो. गाडीतून उतरलेला तो म्हातारा बाजारात सापडला. निळसर सदरा, हातात कोंबडी. दुसराच कुणीतरी. मी त्याच्याकडं अशी बघत उभी राहिले की तो घाबरून बाजूला झाला.

"आता?" इनास म्हणाला.

"कोंडुरा," मी म्हटलं. "लॉजमध्ये कॅलेंडरवर चित्र आहे ना, खडक आणि फुटणारी लाट? काल संध्याकाळी त्या चित्रापुढं उभे होते कितीतरी वेळ. जेवायला या म्हटलं तरी हलेनात."

कोंडुरा वेंगुर्ल्याच्या दुसऱ्या अंगाला. म्हणजे आलो तितकं सगळं परत जाऊन आणखी पुढं. इनासनं रिक्षा वळवली. मीटर नव्हताच, भाव ठरवला नव्हता, आणि त्यानंही तो विषय काढला नाही. साडेअकराच्या सुमाराला आम्ही त्या कातळावर उभे होतो. खाली काळे खडक, त्यांच्या कपारीत लाट शिरायची आणि आतून धडाम् असा आवाज यायचा, की काळजाचं पाणी व्हावं. इथंही कुणी नाही. नावालासुद्धा कुणी नाही.

आणि तिथं माझ्या मनात ते आलं. आलं म्हणजे आलं, लपवून काय करू? मनात आलं की सापडलेच नाहीत तर सोमवारचं ते सगळं करावं लागणार नाही. कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही. शशीला, माझ्या भावाला, फोन करून फक्त रडायचं.

 मी मटकन खाली बसले.

"ताई, ओ ताई!" इनास धावला. पाण्याची बाटली पुढं केली. "रडू नकात. देव आसा."

"तुम्हाला काय माहितीय हो?" मी ओरडले. "मी त्यांना समुद्र दाखवायला आणलं नाहीये इथं. सगळ्यांना तसं सांगितलंय. मी त्यांना सोडायला आणलंय. सोडायला! सावंतवाडीच्या वाटेवर म्हाताऱ्यांचं सदन आहे. सोमवारी अकरा वाजता प्रवेश. त्यांनी यादी दिलीय, सहा शर्ट, सहा लेंगे, दोन टॉवेल, प्रत्येकावर न पुसणाऱ्या शाईनं नाव. म्हणून लिहिलं मी नाव. रात्र रात्र बसून लिहिलं, सुवाच्य अक्षरात!"

इनास उकिडवा बसला. एकदा बोलायला लागले तशी मी थांबलेच नाही. बंद खोलीची गोष्ट सांगितली, की मी टेलिफोन खात्यात कामाला जाते तेव्हा बाहेरून कडी घालून जाते, आणि शेजारी सांगतात दिवसभर दार वाजवतात. गॅस चालू राहिला होता ते सांगितलं. शशी बडोद्याहून दर रविवारी फोनवर सल्ले देतो आणि "आमच्याकडं जागा असती तर" म्हणतो ते सांगितलं. चार वर्षांत एक अख्खी रात्र झोप नाही. वय एकोणचाळीस आणि आरशात बघायची भीती वाटते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते एका रिक्षावाल्याला.

"मगे?" तो हळूच म्हणाला. "सकाळी काय झाला?"

सकाळी काय झालं होतं? सकाळी ते बॅगेतले कपडे काढून बघत होते. "एवढे कपडे, कुंदा? चार दिवसांसाठी?" आज नाव आठवत होतं त्यांना. मी घड्या घालत राहिले. मग त्यांनी कॉलर उलटून पाहिली, चष्मा कपाळावर सरकवून, अगदी कामावर बघायचे तशी. म्हणाले, "नाव घातलंस. पत्ता नाही घातलास. पत्त्याशिवाय कसं पोचेल?" मग विचारलं, "आपण परत कधी जायचं?" थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा तेच. अकराव्या वेळी, मी मोजत होते, अकराव्या वेळी माझ्या तोंडून गेलं, "आपण नाही जायचं! मी जायचं! तुम्ही इथंच राहायचं, कळलं? इथंच!"

ते शर्टाची बटणं लावायला लागले. एक बटण चुकीच्या काजात गेलं, ते मी बघितलं आणि लावून दिलं नाही. मी टॉवेल उचलला आणि आंघोळीला गेले.

"झालं," मी इनासला म्हटलं. "ऐकलंत. आता म्हणा काय म्हणायचंय ते."

तो उठला. पॅन्ट झाडली. "माझी आवस सात वर्षां खाटेर होती," एवढंच म्हणाला. आवस म्हणजे आई. मग म्हणाला, "चला. सागरेश्वराक आपण खाली उतरून बघूक नाय."

परत येईपर्यंत साडेबारा होऊन गेले होते. सकाळच्या जागी रिक्षा थांबली. खाली किनारा रिकामा. रापण नाही, माणसं नाहीत, होडी नाही. ऊन नुसतं वाळूवर ओतलेलं. मी सुरूच्या झाडांतून खाली उतरले आणि वीस पावलांवर मला ते दिसलं.

चपला. एकमेकींना चिकटवून नीट ठेवलेल्या, टाचा एका रेषेत. आणि त्यांच्यावर निळा शर्ट, पत्र घालायच्या पाकिटासारखी घडी घालून. वर चष्मा.

मी कॉलर उलटली नाही. गरजच नव्हती. समोर समुद्र होता आणि पाण्यात कुणी नव्हतं.

मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. इनास नंतर म्हणाला की रस्त्यावरची सायकल थांबली. मी पाण्याकडं धावत सुटले, गुडघ्यापर्यंत आत गेलेसुद्धा, लाटेनं पाडलं, तोंडात खारं पाणी. मीच घालवलं, मीच घालवलं, एवढंच डोक्यात. माणसानं मनात वाईट आणलं आणि देवानं लगेच तथास्तु म्हणावं, असा कसा देव! इनासनं मागून येऊन माझ्या दंडाला धरलं आणि ओढत बाहेर काढलं.

"सोडा मला!"

"अवो ताई, थांबा! थांबा म्हणतंय ना!" तो पहिल्यांदाच माझ्यावर खेकसला. "खाली बघा. वाळूत बघा!"

मी बघितलं. मला वाळूच दिसली.

"टाचो बघा," तो म्हणाला. "हे खड्डे. एक, दोन, कितकेसे. माणूस चलता तेव्हा असे खड्डे पडनत नाय. टाचो रोवून मागे मागे इल्यार पडतत." तो वाकून वाकून पुढं चालायला लागला. खड्डे समुद्राकडून वर यायचे, मग पुन्हा खाली, आणि दर वेळी थोडे उजवीकडं सरकलेले. "रापणीचे दोन दोर, दोन बाजूंक. ओढता ओढता दोनय घोळके एकमेकांच्या जवळ सरकत जातत. सुरू होता हय, आणि जाळा भायर येता थंय लांब. सदरो मात्र जंय काढल्यान थंयच रवता."

"म्हणजे?"

"म्हणजे जीव देवक जाणारो चष्मो सदऱ्यार कशाक ठेवीत? सदरो काढल्यान म्हणजे माणूस कामाक लागलो!"

मी शर्ट, चपला, चष्मा छातीशी धरला आणि पळाले. त्या खड्ड्यांच्या वाटेनं. किनारा पुढं वळतो, सुरूची रांग आड येते, म्हणून रस्त्यावरून दिसलं नव्हतं. वळसा घातला आणि समोर गर्दी. बायका टोपल्या घेऊन, कावळे, कोलाहल, वाळूवर जाळं पसरलेलं आणि त्यात बांगडे चमचमत होते. उघडीबंब माणसं वाटे करत बसली होती.

"हय सकाळी म्हातारो पाव्हणो..." इनासनं धापा टाकत सुरुवात केली.

डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक काळाभोर म्हातारा वर बघत म्हणाला, "सांगितलंय मां तुका, पाव्हणो कोण नाय इलो." हा तांडेल, रापणीचा म्होरक्या.

मी शर्ट पुढं केला. "हा कुणाचा?"

"ह्यो?" तांडेल हसला. "ह्यो त्या गिरपाचो. तो काय थंय बसलो हा."

सुरूच्या सावलीत बाबा बसले होते. उघडे, पायजमा गुडघ्यापर्यंत वर दुमडलेला, तळहात लालबुंद सोललेले. पाठ माझ्याकडं होती. तीच पाठ मी सकाळी रांगेत बघितली होती, तिसरी की चौथी, आणि ओळखली नव्हती. ज्या पाठीला मी चार वर्षं रोज साबण लावत होते ती.

"अहो, मी विचारलं होतं ना!" माझा आवाज चिरकला. "म्हातारा, चुकलेला, असं विचारलं होतं ना तुम्हाला!"

"चुकललो कोण नव्हतो गे बाय," तांडेल शांतपणे म्हणाला. "तो इलो, सदरो काढल्यान, दोरीक लागलो. टाच कशी रोवची, कधी ओढूचा, कधी सोडूचा, कायएक शिकवूक लागला नाय. आमचोच माणूस. मगे पाव्हणो कसो म्हणतलो?"

"नाव तरी विचारायचं!"

"दोरीक हात लावल्यान तेचो वाटो. नाव इचारूची रीत नाय. मागीर वाटो घेताना तेनाच सांगल्यान, गिरप म्हणान."

बाबा इथले, हे मला माहीत होतं. तेराव्या वर्षी मामानं मुंबईला नेलं, एवढंच ते सांगायचे. दोर ओढल्याचं कधी बोलले नव्हते. माझ्यासमोर ते एक अक्षर मालवणी बोलले नव्हते.

मी त्यांच्यापुढं जाऊन गुडघ्यांवर बसले. "बाबा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चेहरा उन्हानं तापलेला आणि इतका प्रसन्न की माझ्याच्यानं बघवेना. शेजारी त्यांचं बनियन होतं, गाठ मारून त्याची पिशवी केलेली, आत बांगडे.

"बाई," ते म्हणाले. मला. "बरं झालं तुम्ही आलात. जरा एक काम करता का?"

कचेरीतला त्यांचा जुना आवाज होता तो, अदबीचा. मी म्हटलं, "सांगा."

त्यांनी बनियनची पिशवी माझ्या हातात दिली. "एवढं माझ्या मुलीकडं पोचवायचं. सकाळपासून रागावलीय ती. तिला बांगडे आवडतात. तळलेले. लहानपणी काटे काढून द्यावे लागायचे."

"पत्ता सांगा," मी म्हटलं. का म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही.

ते ताठ बसले. "चारशे एकवीस, दोनशे एक. डोंबिवली पूर्व. स्नेहदीप, तिसरा मजला, जिना चढल्यावर डावीकडचं दार. कुमारी कुंदा गोपाळ गिरप." एकही अक्षर चुकलं नाही. "ती घरी नसेल तर दार वाजवू नका. कडी बाहेरून असते. वाट बघा, येते ती. संध्याकाळी येतेच."

इनासनं तोंड फिरवलं.

"आणि तुम्ही?" मी कसंबसं विचारलं. "तुम्ही कुठं जाणार?"

बाबांनी माझ्या हातातला शर्ट घेतला. कॉलर उलटली, चष्म्याशिवाय, डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि मला दाखवली. "हे बघा ना. नाव आहे. पाठवणारानं पत्ताच घातला नाही. असा माल पडून राहतो हो. कुणाची चूक नसते, पण पडून राहतो."

मी हात मागं केला आणि न बघताच इनासला म्हटलं, "पेन आहे?"

त्यानं खिशातलं बॉलपेन दिलं. कापडावर ते नीट उठेना, वाळू होती, माझे हात ओले होते. दोन-तीनदा गिरवून गिरवून मी नावाखाली लिहिलं. स्नेहदीप, तिसरा मजला, डोंबिवली पूर्व. बाबा वाकून बघत होते. मी थांबले तसं त्यांनी बोट ठेवलं.

"पिन कोड राहिला," ते म्हणाले.

तो लिहिला. मग त्यांना शर्ट घातला आणि बटणं लावली, वरपासून, एकेक काजात बघून.

सोमवारी आम्ही परत आलो. ते आणखी तीन वर्षं होते, आणि ती वर्षं सोपी गेली असं मी मुळीच म्हणणार नाही. कडी होतीच, दार वाजत होतंच, मी खेकसत होतेच. दोनदा तर मी ती बॅग पुन्हा भरली. दोन्ही वेळा शेवटी निळा शर्ट ठेवायची वेळ आली, कॉलर वाचली आणि बॅग रिकामी केली.